स्वतःच्याच अर्जाची छाननी

सैद्धांतिक पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकांना, मग ते मुंबईचे असोत की केंब्रिजचे, टपालाने अधूनमधून एका विशिष्ट प्रकारचे बाड येत असते. त्याचा लेखक बहुधा सुशिक्षित, चिकाटीचा आणि हेतूने निर्मळ असा गृहस्थ असतो. सापेक्षतावाद चुकीचा ठरविणारी, किंवा विश्वातील यच्चयावत बलांचा उगम एकाच सूत्रात सांगणारी उपपत्ती त्याने वर्षानुवर्षांच्या चिंतनातून रचलेली असते. आणि या विषयाची पदवी आपल्यापाशी नाही ही गोष्ट कोणी हरकत म्हणून पुढे करू नये यासाठी, आइन्स्टाइनदेखील पेटंट कचेरीतला एक साधा कारकूनच होता, याचे सोबतच्या पत्रात आवर्जून स्मरण दिलेले असते. एवढ्याने वाचणारा निरुत्तर होईल अशी त्याची खात्री असते. वस्तुतः त्या पेटंट कचेरीची हकीकत नीट तपासली, तर तिची साक्ष अगदी विरुद्ध बाजूने पडते.

१९०२ साली बर्नच्या पेटंट कचेरीत तिसऱ्या वर्गाचा तांत्रिक तज्ज्ञ म्हणून रुजू झालेला आइन्स्टाइन हा शास्त्राच्या उंबऱ्याबाहेर ताटकळणारा कोणी उपरा नव्हता. झुरिकच्या पॉलिटेक्निकची पदविका त्याने १९०० सालीच घेतली होती. बोल्ट्झमान आणि हेल्महोल्ट्झ यांचे ग्रंथ त्याने आपण होऊन पचविले होते. सोलोविन आणि हाबिश्ट या दोन मित्रांसह, ‘ऑलिंपिया अकादमी’ असे थट्टेचे पण भारदस्त नाव दिलेल्या तिघांच्या मंडळात, ह्यूमपासून पॉइंकारेपर्यंतच्या ग्रंथांचे वाचन आणि त्यावर घनघोर वादविवाद चालत. आणि कचेरीतले काम तरी कोणते? तर आलेल्या अर्जांची छाननी. कचेरीचे संचालक हालर यांची हाताखालच्या मंडळींना अशी शिकवण असे की, अर्ज हाती घेतला की अर्जदार सांगतो ते सर्व खोटे आहे असे गृहीत धरूनच वाचावयास बसावे, नाहीतर त्याच्या विचाराच्या ओघात आपणही वाहून जातो. सात वर्षे या माणसाने दुसऱ्याच्या कल्पनेतला कच्चा दुवा हुडकून काढण्याचा पगार घेतला; आणि दिवसा अर्जांवरून फिरणारी तीच नजर त्याने फावल्या वेळी स्वतःच्या कागदांवरून फिरविली. बाड धाडणाऱ्या आमच्या गृहस्थापाशी कल्पकता नसते असे नाही, बुद्धीही कित्येकदा चांगली तल्लख असते. नसतो तो स्वतःच्याच अर्जावर प्रतिकूल शेरा मारण्याचा कठोरपणा. या शास्त्रात शिरू पाहणाऱ्या तरुणाला कोणते गुण लागतात असा प्रश्न केला तर गणित, कल्पकता, चिकाटी अशी यादी कोणीही देईल, आणि ती खोटीही नाही. पण मला असे वाटते की, यादीतले सगळे गुण अखेर या एकाच गुणाची चाकरी करीत असतात.

गणिताचेच घ्या. ते हवे हे उघड आहे. परंतु किती हवे आणि कशा जातीचे हवे, याविषयी पुष्कळ गैरसमज आहेत. सोव्हिएत रशियातील लेव्ह लांडाऊ या थोर शास्त्रज्ञाने १९३० नंतरच्या दशकात, खारकोव्ह येथे असताना, आपल्याकडे शिकू इच्छिणाऱ्यांसाठी ‘सैद्धांतिक किमान’ या नावाची एक परीक्षामालिका सुरू केली. या परीक्षेला ना पदवीचा दाखला लागे, ना कोणाची शिफारस. जो येईल त्याची परीक्षा घेतली जाई. पहिला विषय गणित, आणि त्यातला पहिला सवाल बहुधा समाकलनाचा. जे समाकलन ओळखीच्या फलनांत मांडता येण्याजोगे असेल ते उमेदवाराने न अडखळता, कागदावर हात न थांबविता मांडून दाखवावे एवढीच अपेक्षा. शुद्ध गणितज्ञांना प्रिय असलेल्या अस्तित्वसिद्धतांची लांडाऊला मुळीच मातब्बरी नव्हती. त्याला हवे होते ते हातात मुरलेले गणित. गणितानंतर यामिकी, क्षेत्रसिद्धांत, पुंजयामिकी, सांख्यिकीय पदार्थविज्ञान अशा एकेका विषयाच्या पायऱ्या असत. सुरुवातीपासून १९६१ पर्यंत ही संपूर्ण मालिका पार करणाऱ्यांची नोंद लांडाऊने स्वतः ठेवली होती, आणि तीत अवघी ४३ नावे आहेत.

हा आकडा ऐकून कोणी दडपून जाऊ नये. त्यातले मर्म असे की, गवई ज्याप्रमाणे वर्षानुवर्षे पलटे घोटतो ते मैफलीत पलटे गाण्यासाठी नव्हे, तर मैफलीत गळ्याची चिंता करावी लागू नये आणि सारे चित्त रागाकडे लावता यावे म्हणून, त्याचप्रमाणे हे गणित घोटावयाचे असते. ज्याला प्रत्येक ओळीवर चिन्हाची चूक होईल की काय अशी धास्ती असते, त्याला समीकरण काय सांगते आहे ते ऐकू येत नाही.

ही तालीम लहानपणी घरातच मिळण्याचे भाग्य ज्यांना लाभले अशांत जयंत नारळीकरांची गणना करावी लागेल. त्यांचे वडील विष्णु वासुदेव नारळीकर हे काशी हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक आणि सापेक्षतावादाचे व्यासंगी अभ्यासक. घरात भिंतीवर फळा होता. शिक्षणासाठी काशीस येऊन राहिलेल्या मामांनी त्या फळ्यावर भाच्याच्या नावाने आव्हान म्हणून एखादे गणित लिहून ठेवावे, आणि भाच्याने ते सोडविले नाही तोवर ते पुसले जाऊ नये, असा तेथला रिवाज होता, हे त्यांच्या वाचकांना ठाऊक आहे. या रिवाजातली खुबी गणित अवघड असण्यात नाही. ते पुसले जात नव्हते, यात ती आहे. जेवताना, खेळून येताना, झोपावयास जाताना न सुटलेली गोष्ट डोळ्यांसमोर आहे, तिचे उत्तर कोणी सांगत नाही आणि मुदतही कोणी घालून दिलेली नाही, अशा स्थितीत मनाला जी सवय लागते तिला पर्याय नाही. आमच्याकडच्या प्रवेशपरीक्षांच्या शिकवणीवर्गांत नेमके याच्या उलट वळण लावले जाते. दोन मिनिटांत चार पर्यायांतले तीन खोडावे, न जमल्यास सोडून पुढे जावे. त्या परीक्षांपुरते ते वळण शहाणपणाचेही असेल, पण ज्या प्रश्नाला दिलेले पर्यायच नसतात आणि उत्तर आहे की नाही याचीही शाश्वती नसते, अशा प्रश्नापुढे ते वळण मुलाला अगदी निःशस्त्र करून सोडते.

आणि तरीही सगळे गणित कोणाच्याही गाठी असत नाही. १९१२ साली आइन्स्टाइन झुरिकला परतला तेव्हा गुरुत्वाकर्षणाविषयीची आपली कल्पना वक्र अवकाशाच्या भूमितीत मांडावी लागणार हे त्याला कळून चुकले होते, पण ती भूमिती त्याला येत नव्हती. विद्यार्थिदशेत ज्याच्या टिपणवह्यांवर त्याने परीक्षा निभावल्या होत्या तो मार्सेल ग्रोसमान आता त्याच पॉलिटेक्निकमध्ये गणिताचा प्राध्यापक होता. आइन्स्टाइनने त्याच्याकडे धाव घेतली आणि रीमानचे गणित त्याच्याकडून समजून घेतले. दोघांनी १९१३ मध्ये प्रसिद्ध केलेली मांडणी अपुरी निघाली. बरोबर समीकरणे हाती यावयास १९१५ चा नोव्हेंबर उजाडावा लागला. बुधाच्या कक्षेचा सूर्यसमीप बिंदू शतकात ४३ विकला जास्तीचा का सरकतो, या जुन्या कोड्याचे उत्तर त्या समीकरणांतून कोणताही आकडा पदरचा न घालता बाहेर पडले.

मात्र नुसता हात सफाईदार असून भागत नाही. समीकरण मांडण्यापूर्वीच उत्तर साधारण केवढे असावे याचा अदमास ज्याला येत नाही, तो आपल्याच उत्तराची रुजवात घालू शकत नाही. हा अदमास म्हणजे काही दैवी स्फुरण नव्हे. तो शिकण्याचा प्रकार आहे, आणि येथे त्याचे एक उदाहरण तपशिलाने पाहण्यासारखे आहे.

भिंतीवरच्या घड्याळाचा लंबक घ्या. त्याच्या एका झोक्यास किती वेळ लागेल, हे कशाकशावर अवलंबून असू शकेल? लोलकाचे वस्तुमान, लंबकाची लांबी आणि पृथ्वीचे गुरुत्वजन्य त्वरण; झोका लहान असेल तर याहून चौथे काही संभवत नाही. आता आपल्याला हवा आहे काळ, म्हणजे सेकंद. वस्तुमान किलोग्रॅममध्ये आहे, लांबी मीटरमध्ये आहे. सेकंद जर कोठे दडला असेल तर तो त्वरणात, कारण त्वरण म्हणजे मीटर भागिले सेकंदाचा वर्ग. लांबीला त्वरणाने भागले की मीटर उडून जातो आणि सेकंदाचा वर्ग उरतो. त्याचे वर्गमूळ काढले की सेकंद हाती येतो. किलोग्रॅमला उडविणारे दुसरे कोणी या हिशेबात नसल्यामुळे वस्तुमानाला येथे जागाच नाही. लोलक शिशाचा असो की लाकडाचा, वेळ तोच लागणार. एक मीटर लांबीच्या लंबकासाठी हे वर्गमूळ ०.३२ सेकंद येते, प्रत्यक्षात झोक्यास २ सेकंद लागतात. मधला सहाच्या आसपासचा गुणक या युक्तीला सापडत नाही, त्यासाठी गणितच करावे लागते. पण लांबी चौपट केली तर वेळ दुप्पट होईल, हे एकही समीकरण न सोडविता कळले, ही गोष्ट लहान नाही.

ही युक्ती केवढ्या मोठ्या कामी येते ते केंब्रिजच्या जी. आय. टेलर यांनी दाखवून दिले. १६ जुलै १९४५ रोजी न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पहिल्या अणुबॉम्बचा स्फोट झाला. त्याच्या अग्निगोलाची छायाचित्रे पुढे प्रसिद्ध झाली, प्रत्येकावर क्षण आणि मोजपट्टी छापलेली, पण बॉम्बची शक्ती मात्र गुप्त. टेलर यांचा विचार असा की, गोलाची त्रिज्या ही केवळ ऊर्जा, हवेची घनता आणि उलटलेला काळ या तीन राशींवरच अवलंबून असावी. मग एककांचा मेळ घातला की, त्रिज्येच्या पाचव्या घातास घनतेने गुणून काळाच्या वर्गाने भागावे म्हणजे ऊर्जा येते. स्फोटानंतर ०.०२५ सेकंदाने त्रिज्या सुमारे १३० मीटर होती. घनमीटर हवा सव्वा किलोची धरा आणि कोणीही शाळकरी मुलाने हा गुणाकार करून पाहावा, उत्तर १७-१८ हजार टन टीएनटीच्या घरात येते. टेलर यांनी गुणकासह केलेले काटेकोर गणित १९५० मध्ये छापले गेले, त्यातला आकडाही १७ हजारांच्या आसपासच होता. प्रत्यक्ष स्फोटाच्या वेळी दूर उभ्या असलेल्या एन्रिको फर्मीने तर हातातले कागदाचे कपटे दाबलहर येताच सोडून दिले, ते किती सरकले ते पाहिले, आणि जागच्या जागी १० हजार टनांचा अंदाज सांगितला. पुढे सर्व उपकरणांच्या नोंदी जुळवून मान्य झालेला आकडा २० ते २५ हजारांच्या दरम्यानचा आहे. ज्याचा उद्देश एवढा भयंकर त्या प्रसंगाचे उदाहरण द्यावयास मन कचरते, हे खरे. पण अदमासाची शक्ती याहून स्पष्ट दाखविणारे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही.

प्रयोगशाळेकडे पाठ फिरवून नुसत्या कागदावर राज्य करता येईल, ही या विषयाकडे ओढल्या जाणाऱ्या अनेक हुशार मुलांची समजूत असते. तिचा समाचार हायझेनबर्गच्या डॉक्टरेटच्या परीक्षेने घेतला आहे. १९२३ च्या जुलैत म्यूनिक येथे तोंडी परीक्षेला बसलेल्या या तेजस्वी तरुणाला प्रायोगिक शाखेचे प्राध्यापक वीन यांनी सूक्ष्मदर्शकाची आणि दुर्बिणीची विभेदनशक्ती विचारली, विजेचा संचायक कसा चालतो ते विचारले. त्याला धड एकाचेही उत्तर देता आले नाही, आणि गुरू झोमरफेल्ड यांच्या आग्रहामुळे तो जेमतेम गुणांवर उत्तीर्ण झाला. दोनच वर्षांनी याच तरुणाने पुंजयामिकीचा पाया घातला. पण मौज पुढेच आहे. १९२७ साली त्याने अनिश्चितता तत्त्व मांडले आणि ते पटविण्यासाठी गॅमा किरणांच्या एका काल्पनिक सूक्ष्मदर्शकाचा दृष्टांत घेतला, तेव्हा त्या दृष्टांतातली चूक नील्स बोरने नेमकी त्याच विभेदनशक्तीच्या मुद्द्यावर पकडली, आणि हायझेनबर्गला छापावयास गेलेल्या निबंधास पुरवणी टीप जोडावी लागली.

मोजणीविषयीचा आदर ही गोष्ट केप्लरइतकी कोणी शिकविली नसेल. टायको ब्राहीने दुर्बिणीवाचून केलेले मंगळाचे वेध घेऊन केप्लरने वर्तुळाकार कक्षेची एक अत्यंत परिश्रमपूर्वक मांडणी केली होती. ती वेधांशी जवळजवळ जुळली, फक्त काही ठिकाणी ८ कलांचा फरक राहिला. पूर्ण चंद्राच्या बिंबाची रुंदी सुमारे ३० कला असते, तेव्हा फरक बिंबाच्या पावपट. दुसऱ्या कोणी तो वेधकर्त्याच्या खात्यावर टाकून दिला असता. केप्लरला टायकोचा हात माहीत होता; एवढी चूक तो करणार नाही, सबब चूक आपली, असा निकाल त्याने स्वतःविरुद्ध दिला, वर्षांची मेहनत रद्दबातल केली, आणि १६०९ मध्ये लंबवर्तुळाकार कक्षा जगापुढे ठेवली.

केप्लरच्या बाबतीत न जुळणारे आकडे तरी होते. आकडे जुळत असतानाही आपली उपपत्ती टाकून देण्याचा प्रसंग याहून कठीण, आणि तो फ्रीमन डायसन यांनी स्वतःच सांगून ठेवला आहे. १९५३ च्या वसंत ऋतूत डायसन कॉर्नेल विद्यापीठात प्राध्यापक होते. वय तिशीच्या आत, कीर्ती आधीच जगभर झालेली. त्यांच्या हाताखाली विद्यार्थ्यांचा एक मोठा चमू मेसॉन कण प्रोटॉनवर आदळून कसे विखुरतात याचे गणित करीत होता, आणि तेच विखुरणे शिकागोच्या सायक्लोट्रॉनवर फर्मी प्रत्यक्ष मोजत होता. गणिताचे आलेख फर्मीच्या आलेखांशी बऱ्यापैकी जुळले. डायसन ते आलेख घेऊन बसने शिकागोस गेले. फर्मीने कागदांकडे ओझरते पाहिले, पाहुण्याची आणि त्याच्या नवजात बाळाची विचारपूस केली, आणि मग शांतपणे असे सांगितले की, सैद्धांतिक पदार्थविज्ञानात गणिते करण्याच्या दोनच रीती आहेत. एक तर आपण जे मोजतो आहोत त्या घटनेचे स्वच्छ भौतिक चित्र मनात असावे, नाहीतर गणिताची चौकट तरी काटेकोर आणि स्वतःशी सुसंगत असावी. तुमच्यापाशी यांपैकी काहीच नाही. डायसननी आकडे जुळण्याकडे बोट दाखविले. फर्मीने विचारले, यात मनाप्रमाणे बदलता येतील अशा राशी किती? डायसन म्हणाले, चार. त्यावर फर्मीने आपला मित्र फॉन नॉयमान याच्या एका उक्तीचे स्मरण दिले. चार राशी मिळाल्या तर मी हत्तीचे चित्र जुळवून देईन आणि पाचवी दिलीत तर त्याची सोंडही हलवून दाखवीन, असे नॉयमान म्हणत असे. भेट संपली. डायसन त्या मुलाखतीबद्दल फर्मीचे आभार मानून परतीच्या बसने इथाकाला आले, ती वाईट बातमी विद्यार्थ्यांना सांगितली, चालू गणिते पुरी करून प्रसिद्ध केली, कारण विद्यार्थ्यांच्या नावे काहीतरी छापून येणे जरूर होते, आणि मग सगळ्यांनीच तो मार्ग सोडून दिला.

या हकीकतीत एक लहानसे पण बोलके अंग आहे. फर्मीला त्या वेळी बरोबर उत्तर माहीत नव्हते. प्रोटॉन आणि मेसॉन हे क्वार्कांचे बनलेले असतात ही कल्पना १९६४ मध्ये पुढे आली, आणि फर्मी तर १९५४ च्या नोव्हेंबरातच वारला. बरोबर काय हे न कळताही चूक कोठे आहे ते ओळखणे, आणि जुळलेल्या आकड्यांच्या मोहाला बळी न पडणे, ही छाननी त्याला साधली होती. आणि डायसननी काही मिनिटांत तो निकाल मान्य केला, वरच्या कोर्टात दाद मागण्याच्या भरीस ते पडले नाहीत, याचेही श्रेय कमी नाही. असा निकाल देणारा कोणी जवळपास असावा लागतो. म्हणूनच या शास्त्रात एकांतापेक्षा संगतीचे महत्त्व अधिक, आणि एकांतवासी प्रज्ञावंताचे जे चित्र आपल्या मनात ठसले आहे ते बव्हंशी काल्पनिक.

परंतु ज्येष्ठांचा निकाल नेहमीच मान्य करावा काय? येथे प्रकरण खरोखर अवघड होते. १९२५ च्या जानेवारीत राल्फ क्रोनिग या विशीतल्या तरुणाने, इलेक्ट्रॉन स्वतःभोवती गिरक्या घेत असावा अशी कल्पना वुल्फगांग पाउलीपुढे मांडली. पाउली म्हणजे टीकेच्या धारेबद्दल उभ्या युरोपात दबदबा असलेला माणूस. त्याने ती धुडकावून लावली, आणि क्रोनिगने ती छापलीच नाही. त्याच वर्षी शरदात लायडनच्या उलेनबेक आणि गाउडस्मिट या दोघांना स्वतंत्रपणे तीच कल्पना सुचली. त्यांच्या गुरूने, एरेनफेस्टने, निबंध लिहून द्या आणि लॉरेंट्झ यांचाही सल्ला घ्या असे सांगितले. वयोवृद्ध लॉरेंट्झ यांनी हिशेब करून दाखविले की, असा इलेक्ट्रॉन फिरू लागला तर त्याचा पृष्ठभाग प्रकाशापेक्षाही वेगाने जाईल; दोघे घाबरून निबंध परत मागावयास गेले, तो एरेनफेस्ट म्हणाला, तो केव्हाच रवाना झाला आहे; तुम्ही दोघेही तरुण आहात, तुम्हाला एखादा मूर्खपणा परवडेल. पाउलीची हरकत शास्त्रीय दृष्ट्या पोकळ नव्हती आणि लॉरेंट्झचीही नव्हती. तरी कल्पना खरी निघाली.

चंद्रशेखरांची गोष्ट आपल्याला अधिक जवळची. ३१ जुलै १९३० रोजी मुंबई बंदरातून निघालेल्या ‘पिल्स्ना’ या बोटीवर हा एकोणीस वर्षांचा मुलगा केंब्रिजला चालला होता. श्वेत बटू ताऱ्यांच्या अंतरंगातले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाजवळ पोचतात, तेव्हा तेथे सापेक्षतावाद लावला पाहिजे, हे त्याने प्रवासातच ताडले, आणि अशा ताऱ्याच्या वस्तुमानाला एक कमाल मर्यादा असते या निष्कर्षावर तो आला. ती मर्यादा पुढे सूर्याच्या सुमारे १.४ पट ठरली. ११ जानेवारी १९३५ रोजी लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सभेत एडिंग्टन यांनी तिची भर सभेत टर उडविली. बड्याबड्यांनी खाजगीत चंद्रशेखरांची बाजू घेतली, उघड कोणी बोलले नाही. चंद्रशेखरांनी काय केले? स्वतःचे गणित पुन्हा तपासले, त्यात चूक सापडली नाही. मग सगळा विषय साद्यंत मांडणारा ग्रंथ १९३९ मध्ये प्रसिद्ध करून ते त्या प्रांतातून बाहेर पडले आणि दुसऱ्या विषयाकडे वळले. एक विषय घ्यावा, काही वर्षे त्यात बुडून जावे, ग्रंथ लिहून हिशेब पुरा करावा आणि पुढच्याकडे जावे, हा त्यांचा जन्मभराचा शिरस्ता झाला. नोबेल पारितोषिक आले ते १९८३ साली.

या दोन गोष्टींवरून कोणी असा निष्कर्ष काढील की हट्ट धरला म्हणजे विजय ठरलेलाच. तो काढू नये. नारळीकरांनी फ्रेड हॉइल यांच्याबरोबर स्थिर-स्थिती विश्वाच्या कल्पनेचा पाठपुरावा केला; १९६५ मध्ये पार्श्वभूमीच्या सूक्ष्मतरंग प्रारणाचा शोध लागला आणि बहुतेक शास्त्रज्ञांनी महास्फोटाच्या बाजूने कौल दिला; तरी १९९३ मध्ये हॉइल, बर्बिज आणि नारळीकर यांनी सुधारलेली मांडणी पुन्हा पुढे ठेवली, आणि तिलाही बहुमताची मंजुरी मिळाली नाही. नारळीकरांची गणिती तालीम, प्रामाणिकपणा किंवा धैर्य यांत कोणी उणे काढू शकणार नाही. म्हणजे हे सगळे गुण असूनही निसर्ग आपल्या बाजूने साक्ष देईलच असा करार त्याने कोणाशी केलेला नाही. क्रोनिगने थांबावयास नको होते आणि डायसननी थांबावयास हवे होते, हे आज आपण बिनदिक्कत सांगतो. त्या त्या दिवशी ते सांगता येण्याजोगे नियमपुस्तक कोठेही नव्हते.

राहता राहिला व्यवहार. या क्षेत्रात जागा थोड्या, उमेदवारी दीर्घ, आणि डॉक्टरेटनंतरही काही वर्षे या देशातून त्या देशात मुदतबंद नोकऱ्यांवर फिरावे लागते. तेव्हा मुलाने किंवा मुलीने हा मार्ग धरतो म्हटल्यावर आईवडिलांच्या कपाळाला आठ्या पडल्या तर त्यांना दोष देता येणार नाही. आधी इंजिनिअर हो, मग काय वाटेल ते कर, हे वाक्य आपल्याकडे घरोघर ऐकू येते, आणि ऐकणाऱ्याला ते आपल्या स्वप्नाच्या मुळावर घाव घातल्यासारखे वाटते. पण पॉल डिरॅक हा मुळात ब्रिस्टलचा विद्युत अभियंता. १९२१ मध्ये पदवी मिळाली, युद्धोत्तर मंदीत नोकरी मिळाली नाही, आणि म्हणून तो गणिताकडे वळला. अभियांत्रिकीनेच आपल्याला स्थूलमानाने काढलेल्या उत्तरांचा तिटकारा न करावयास शिकविले, असे तो पुढे कृतज्ञतेने सांगत असे.

होमी भाभांचे उदाहरण तर मुंबईचेच. १९२७ साली त्यांना केंब्रिजला धाडण्यात आले ते यांत्रिकी अभियांत्रिकी शिकून पोलादाच्या कारखान्यात रुजू व्हावे या इराद्याने. दुसऱ्याच वर्षी त्यांनी वडिलांना पत्र लिहून कळविले की, धंदा किंवा इंजिनिअरची नोकरी आपल्या प्रकृतीला मानवणारी नाही, पदार्थविज्ञान हाच आपला मार्ग आहे. वडिलांनी नकार दिला नाही, तशी आंधळी संमतीही दिली नाही. यांत्रिकीच्या परीक्षेत पहिला वर्ग मिळव, मग गणितासाठी आणखी राहण्याचा खर्च मी देईन, अशी अट घातली. १९३० मध्ये मुलाने पहिला वर्ग मिळविला आणि बापाने शब्द पाळला. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळून कसे विखुरतात याचे भाभांनी केलेले गणित १९३६ मध्ये प्रसिद्ध झाले. इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनांच्या झोतांची टक्कर घडवून आणणाऱ्या महाकाय यंत्रांत, त्या झोतांची टक्कर किती दाट होते आहे याचा हिशेब आजही त्याच विखुरण्याच्या मोजणीवरून ठेवला जातो.